युरोपातील महाकाय मार्जारमीन: पकडावा, सोडावा की काढून टाकावा?

मासा आणि त्याचे मूळ घर

आयुष्यभर गोड्या पाण्यात राहणाऱ्या युरोपीय माशांत सर्वांत मोठा मासा म्हणजे वेल्स मार्जारमीन. शास्त्रीय नाव सिल्युरस ग्लॅनिस. अंगावर खवले नाहीत, डोके रुंद आणि चपटे, वरच्या जबड्याला दोन लांब मिशा आणि हनुवटीला चार आखूड मिशा. पाठीवरचा पर नावापुरता, तर पोटाखालचा पर थेट शेपटीपर्यंत गेलेला. महाराष्ट्रातील नद्यांच्या डोहांत मिळणारा शिवडा याच कुळातला आहे, त्यामुळे ज्याने शिवडा पाहिला आहे त्याला वेल्सच्या अंगकाठीची कल्पना सहज येईल. फरक आकाराचा. दोन मीटरचे वेल्स पश्चिम आणि दक्षिण युरोपच्या काही नद्यांत दर हंगामात लागतात, आणि १०० किलोंपेक्षा जड माशांच्या नोंदीही अनेक आहेत. मे २०२३ मध्ये इटलीतील पो नदीत २८५ सेंटिमीटर लांबीचा मासा गळाला लागला. आधीच्या विक्रमापेक्षा तो ४ सेंटिमीटरनी लांब होता. त्याला इजा होऊ नये म्हणून वजन न करता केवळ मापून पाण्यात सोडण्यात आले.

काळा समुद्र, कास्पियन समुद्र आणि अरल यांना मिळणाऱ्या नद्या, म्हणजे डॅन्यूब, नीपर, व्होल्गा, उरल, हे या माशाचे मूळ घर. मध्य युरोपात एल्ब आणि व्हिस्तुला नद्यांतही तो मूळचाच आहे. संथ, खोल, गढूळ पाणी, बुडालेली झाडे, काठाखालच्या कपारी त्याला मानवतात. दिवसा तो तळाशी पडून राहतो आणि अंधार पडल्यावर शिकारीला निघतो. पाणी साधारण २० अंशांपर्यंत तापले की वीण सुरू होते. मादी काठालगतच्या मुळ्यांमध्ये अंडी घालते आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत नर त्यांची राखण करतो. नराच्या या राखणीचे वर्णन ॲरिस्टॉटलने करून ठेवले आहे. पुढे १९ व्या शतकात ग्रीसमधील अखेलोस नदीतला मासा वेगळ्या जातीचा असल्याचे लक्षात आले आणि त्या जातीला ॲरिस्टॉटलचेच नाव मिळाले. अंड्यांची राखण आणि दीर्घ आयुष्य या दोन गोष्टींमुळे हा मासा नव्या पाण्यात चटकन मूळ धरतो. पुढच्या साऱ्या वादाचे मूळ त्याच्या या जीवनक्रमात आहे.

पकडण्याच्या रीती

डॅन्यूब आणि तिसा नद्यांच्या काठी वेल्स हे शतकानुशतके अन्न आहे. हंगेरीत त्याचा पाप्रिका घातलेला रस्सा दह्याच्या चक्क्यासारख्या चीजमध्ये घोळलेल्या शेवयांबरोबर वाढला जातो. जाळी, सापळे आणि एका लांब दोरीला ओळीने बांधलेले गळ ही तिथल्या व्यावसायिक कोळ्यांची साधने. छंदी गळकऱ्यांची खास रीत मात्र आवाजाची आहे. हंगेरीत ‘कुत्त्योगातो’ म्हणून ओळखले जाणारे वाकड्या मुठीचे लाकडी अवजार होडीतून ठरावीक लयीत पाण्यावर मारले जाते. त्याच्या चपट्या टोकाखाली हवेची पोकळी तयार होते आणि ती फुटताना खोल ‘डुब्’ असा आवाज होतो. तळाशी निपचित पडलेला मासा त्या आवाजाने उठतो आणि वर येऊन खाली लोंबणारे आमिष धरतो. मार्जारमिनांच्या वाताशयाला छोट्या हाडांची साखळी अंतर्कर्णाशी जोडते, त्यामुळे त्यांना ऐकू फार चांगले येते, एवढे निश्चित आहे. मात्र तो आवाज माशाला भक्ष्याचा वाटतो, दुसऱ्या वेल्सचा वाटतो की केवळ चीड आणतो, यावर गळकऱ्यांत आणि अभ्यासकांत एकमत नाही.

पश्चिमेकडच्या नद्यांत रीत बदलली. स्पेनच्या एब्रो नदीत सागरी माशांच्या खाद्यापासून बनवलेल्या तेलकट गोळ्या मोठ्या प्रमाणात टाकून मासे एका जागी आणले जातात आणि त्याच गोळ्या गळाला लावल्या जातात. पो नदीत जिवंत आमिषाचा वापर अधिक. प्रवाहाच्या पलीकडे झाडाला किंवा तळाच्या दगडाला तरंगता गोळा बांधायचा, त्याला नाजूक धाग्याने मुख्य दोर अडकवायचा आणि आमिष पाण्याच्या मधल्या थरात ठेवायचे, ही तिथली लाडकी पद्धत. मासा लागला की नाजूक धागा तुटतो आणि गळकऱ्याचा माशाशी थेट सामना सुरू होतो. दोर विणलेला आणि जाड लागतो, कारण मासा पहिल्या झटक्यातच बुडालेल्या झाडांकडे धाव घेतो. त्याला वर काढताना आकडा वापरण्याऐवजी हातमोजा घालून खालचा जबडा धरण्याची शिस्त आता सर्वत्र रुजली आहे. दातांच्या जागी खरखरीत पट्टे असल्याने ते शक्यही होते. दोन मीटरच्या माशाचे वजन पाण्याबाहेर त्याच्याच आतड्यांवर येते, म्हणून चांगले वाटाडे त्याला उथळ पाण्यातच ठेवतात, छायाचित्र तिथेच घेतात आणि तिथूनच सोडतात.

पश्चिमेकडचा प्रवास

वेल्स आपणहून पश्चिमेला गेला नाही. १८८० मध्ये इंग्लंडमधील वोबर्न ॲबीच्या तलावांत तो आणून सोडला गेला. २० व्या शतकाच्या मध्यानंतर इटलीत पोच्या खोऱ्यात तो पसरला. फ्रान्समध्ये सोन, ऱ्होन, लुआर आणि गरोन या नद्यांत त्याने क्रमाक्रमाने बस्तान बसवले. स्पेनची कथा सर्वांत जास्त सांगितली जाते. एब्रो आणि सेग्रे यांच्या संगमाजवळ, मेकिनेन्सा गावाच्या परिसरात, १९७४ मध्ये रोलांड लोर्कोव्स्की या जर्मन जीवशास्त्रज्ञाने वेल्सची मोजकी पिल्ले सोडली अशी नोंद आहे. त्याआधीच्याच दशकात एब्रोवर मेकिनेन्सा आणि रिबारोखा ही मोठी धरणे उभी राहिली होती. वाहती नदी जाऊन उबदार, खोल, संथ जलाशय तयार झाले होते. आणलेल्या माशाला हवे होते तसेच पाणी माणसाने आधीच करून ठेवले होते. तिथून एब्रोचे बाकीचे खोरे, मग स्पेनमधील इतर नद्या आणि ताहो नदीमार्गे पोर्तुगालपर्यंत त्याचा विस्तार झाला. हे सारे बहुतांशी गळकऱ्यांनी लपूनछपून केलेल्या स्थलांतरामुळे घडले. गॉर्डन कॉप आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये लिहिलेल्या विस्तृत समीक्षेनुसार मूळ क्षेत्राच्या पश्चिमेकडील आणि दक्षिणेकडील किमान ७ देशांत हा मासा नेऊन सोडला गेला होता.

गळकऱ्यांची बाजू

मोठा वेल्स जिवंत सोडावा असे म्हणणाऱ्यांचा पहिला मुद्दा अर्थकारणाचा आहे. मेकिनेन्सा आणि कास्पे या आरागॉनमधील गावांत जर्मनी, ब्रिटन आणि इतर देशांतून लोक केवळ या माशासाठी येतात. वाटाडे, होड्या, खोल्या, खानावळी, साधनांची दुकाने असे सगळे त्यावर उभे आहे. शेती आणि जुन्या कोळसा खाणींवर जगलेल्या या भागाला दुसरा मोठा आधार नाही. दोन मीटरचा मासा तयार व्हायला पंधरा-वीस वर्षे तरी जातात. तो एकदाच मारता येतो, पण अनेकदा पकडता येतो.

दुसरा मुद्दा जीवशास्त्राचा आहे आणि तो हलका समजता येत नाही. वेल्स स्वजातीयांनाही खातो. मोठे मासे काढून टाकले तर लहान वेल्सवरचा दाब कमी होतो, जागा आणि अन्न मोकळे होते, आणि मोजक्या मोठ्या माशांच्या जागी असंख्य मध्यम मासे येतात. अनेक शिकारी माशांच्या बाबतीत असे घडल्याची उदाहरणे मत्स्यशास्त्रात आहेत.

तिसरा मुद्दा न्यायाचा. धरणे, सांडपाणी, रेतीउपसा आणि बंदिस्त काठ यांनी नद्या आधीच बिघडवल्या. वेल्सला दोषी ठरवले की त्या जबाबदारीतून सुटता येते, असे गळकरी संघटना म्हणतात. स्थानिक मासे कमी होण्यामागे अधिवासाचा नाश हे मोठे कारण आहे, हे त्यांचे विरोधकही मान्य करतात.

संवर्धकांची बाजू आणि पुरावे

या बाजूचे सर्वांत गाजलेले निरीक्षण फ्रान्समधील आल्बी गावचे आहे. तिथे तार्न नदीच्या मध्यावर असलेल्या वाळूच्या छोट्या बेटावर कबुतरे पाणी प्यायला उतरतात. वेल्स पाण्यातून उसळी मारून स्वतःला काठावर झोकून देतात, कबूतर पकडतात आणि वळवळत परत पाण्यात जातात. ज्युलियाँ क्युशरूसे आणि सहकाऱ्यांनी पुलावरून असे ५४ प्रयत्न टिपले. त्यांतले २८ टक्के यशस्वी झाले. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि चित्रफीत जगभर फिरली. लोकांच्या मनात वेल्सची प्रतिमा त्याने बदलली, पण नदीच्या दृष्टीने कबुतरांचे महत्त्व थोडे आहे. त्या अभ्यासाचे खरे मोल वेगळे आहे. मूळ क्षेत्रात अशी शिकार वर्णिलेली नव्हती. नव्या पाण्यात हा मासा नवे भक्ष्य आणि नवे तंत्र किती लवकर आत्मसात करतो, हे त्यातून दिसले.

समुद्रातून नदीत अंडी घालायला येणाऱ्या माशांबद्दलचे पुरावे याहून गंभीर आहेत. गरोन नदीवरील गोल्फेश येथील धरणावर माशांना वर चढवण्यासाठी यांत्रिक पाळणा बसवलेला आहे. स्टेफानी बुलेत्रो आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवून दिले, की वेल्स या अरुंद मार्गातच दबा धरून बसायला शिकले होते. २०१६ च्या हंगामात त्या मार्गात शिरलेल्या ३९ सामन माशांपैकी १४, म्हणजे सुमारे ३६ टक्के, तिथेच खाल्ले गेले. २०२० मध्ये त्याच गटाने लॅम्प्रे या सापासारख्या लांबट, जबडा नसलेल्या प्रवासी जलचरावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. भक्षकाच्या पोटात गेल्यावर तसा संकेत देणारी खूणयंत्रे ४९ लॅम्प्रेंना बसवली होती. महिनाभरात त्यांपैकी ३९ वेल्सच्या पोटात गेल्या, आणि निम्म्या तर पहिल्या आठ दिवसांतच. हिलशाच्या जातकुळीतला मोठा शॅड रात्री पृष्ठभागावर घोळक्याने, आवाज करत अंडी घालतो. त्या वेळीही वेल्स त्याच्यावर तुटून पडतात. गरोन-दोर्दोन्य खोऱ्यात शॅडच्या मासेमारीवर २००८ पासून बंदी आहे, तरी त्याची संख्या सावरलेली नाही. ज्या माशांना वाचवण्यासाठी शिड्या आणि पाळणे बांधले, तिथेच ते मारले जावेत, हे संवर्धकांना सर्वाधिक टोचते आणि ते टोचणे रास्त आहे.

इतके असूनही संपूर्ण नदीचे चित्र असे सरळ नाही. फ्रान्समधील नद्यांच्या दीर्घकालीन नोंदी तपासून निकोला गिल्लरो आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये जो निष्कर्ष काढला, त्यात वेल्स आल्यावर इतर माशांच्या समुदायात सरसकट, ठळक घट झाल्याचे दिसले नाही. विशेष हे, की या गटातील काही संशोधक आणि सामन-लॅम्प्रेच्या अभ्यासातील संशोधक एकच आहेत. म्हणजे दोन्ही निष्कर्ष परस्परांना खोडून काढणारे नसून वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. मोकळ्या, लांबच लांब नदीत वेल्स मुबलक असलेले काहीही खातो. चेक प्रजासत्ताकातील मिलादा आणि मोस्त तलावांवरील २०१७ च्या अभ्यासातही त्याचा आहार परिस्थितीनुसार बदलत असल्याचे आढळले. एब्रोच्या जलाशयांत तो बाहेरून आलेला लाल झिंगा आणि कार्प मोठ्या प्रमाणात खातो. पण जिथे दुर्मीळ प्रवासी मासे चिंचोळ्या जागेत एकत्र येतात, तिथे थोडेसे वेल्सही मोठी हानी करतात.

एब्रोमध्ये आणखी एक आक्षेप घेतला जातो. २००१ मध्ये रिबारोखा जलाशयात झेब्रा शिंपला सापडला. हा छोटा परका शिंपला पाण्याच्या नळ्या आणि यंत्रे जाम करतो. तो एका जलाशयातून दुसऱ्यात होड्यांच्या तळाला चिकटून जातो, म्हणून गळकरी पर्यटनाच्या होड्या धुण्याचे नियम आले. इथे माशापेक्षा माशामागे येणारी वाहतूक अधिक घातक ठरू शकते.

कायद्यांची विसंगती

एकच मासा सरहद्द ओलांडली की गुन्हेगारही ठरतो आणि संरक्षितही. स्वीडनमध्ये एमोन, हेल्गेओन आणि बोव्हेन या मोजक्या ठिकाणी पूर्वीच्या उबदार काळातील अवशेष म्हणून तो उरला आहे. तिथे त्याला पकडण्यास मनाई आहे. युरोपातील वन्यजीवांसाठीच्या बर्न कराराच्या तिसऱ्या परिशिष्टातही त्याचे नाव आहे.

स्पेनने २०१३ च्या आदेशाद्वारे त्याला परक्या आक्रमक जातींच्या यादीत घातले. अशा जातींचा जिवंत ताबा, वाहतूक आणि सोडणे यांवर बंदी आली. मार्च २०१६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने काही माशांना दिलेल्या सवलतीही रद्द केल्या, तेव्हा गळकऱ्यांनी आणि गावांनी तीव्र विरोध केला. २०१८ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन २००७ पूर्वीच स्थिरावलेल्या जातींसाठी ठरावीक क्षेत्रांत मासेमारीची वाट ठेवण्यात आली. इटलीतील काही प्रांतांत पकडलेला वेल्स पाण्यात परत सोडण्यास मनाई आहे, तरी पो नदीवरचा गळाचा खेळ सोडण्याच्याच प्रथेवर चालतो. फ्रान्समध्ये नदीचा समतोल बिघडवणाऱ्या माशांची सरकारी यादी आहे आणि तीत वेल्सचे नाव बराच काळ नव्हते. त्यामुळे नैऋत्येकडच्या नद्यांत प्रशासन व्यावसायिक कोळ्यांकरवी वेल्स काढून घेत असताना शेजारचा गळकरी कायदेशीररीत्या तोच मासा सोडत होता.

जर्मनीत प्रश्न तिसऱ्याच दिशेने येतो. तिथल्या प्राणिकल्याण कायद्यानुसार कशेरुकी प्राण्याला वेदना देण्यास रास्त कारण लागते आणि केवळ छायाचित्रासाठी पकडून सोडणे हे तसे कारण मानले जात नाही. अनेक जर्मन गळकरी त्यासाठी स्पेन आणि इटलीला जातात. जून २०२५ मध्ये बव्हेरियातील ब्रोम्बाखझे तलावात सुमारे दोन मीटरच्या वेल्सने पोहणाऱ्यांना चावे घेतले आणि पोलिसांनी त्याला गोळी घातली. तो अंड्यांची राखण करणारा नर असावा असे मत त्यानंतर मांडले गेले. जखमा किरकोळ होत्या, पण माशाबद्दलच्या भीतीला त्यामुळे नवे खाद्य मिळाले.

काढून टाकणे जमते का?

विजेच्या झटक्याने मासे पकडण्याची पद्धत उथळ पाण्यात चालते, पण खोल डोहात वेल्सवर तिचा परिणाम फारसा होत नाही. जाळ्यांत इतर मासेही अडकतात. चेक संशोधकांनी तळाशी टाकलेल्या, जिवंत आमिष लावलेल्या गळांच्या लांब दोरीत सुधारणा केल्या, आणि मोठ्या वेल्ससाठी आजवरची ती सर्वांत नेमकी पद्धत ठरली. इटली, पोर्तुगाल आणि चेक प्रजासत्ताकातील संस्थांचा समावेश असलेला ‘लाइफ प्रिडेटर’ हा युरोपीय संघाचा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला. दक्षिण युरोपातील तलाव आणि जलाशयांत वेल्सचा प्रसार लवकर ओळखणे आणि संख्या कमी करणे हा त्याचा उद्देश आहे. संख्या कमी करणे आणि ती कमी ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी दरवर्षी पैसा आणि माणसे लागतात. मोठ्या, जोडलेल्या खोऱ्यातून वेल्स समूळ नाहीसा करणे कोणत्याही जबाबदार अभ्यासकाला शक्य वाटत नाही.

काढलेल्या माशाचे करायचे काय, हा प्रश्न त्यातूनच येतो. वेल्सचे मांस पांढरे, घट्ट आणि बिनकाट्याचे असते. मध्य आणि पूर्व युरोपात त्याला चांगली मागणी आहे. पण दीर्घायुषी शिकारी माशाच्या शरीरात पारा आणि इतर विषारी द्रव्ये साचत जातात. एब्रोवरील फ्लिक्स येथे रासायनिक उद्योगाचा दूषित गाळ दशकानुदशके नदीत साठला. ऱ्होन नदीतही पीसीबी या रसायनांमुळे मासे खाण्यावर निर्बंध घालावे लागले. म्हणजे जो मासा काढणे सर्वांत गरजेचे वाटते, तोच खाण्यास सर्वांत कमी योग्य. दुसरीकडे पोच्या खालच्या भागात रात्री वीज आणि बेकायदा जाळी वापरून वेल्स मारून पूर्वेकडील बाजारात पाठवणाऱ्या टोळ्यांवर पोलिसांनी वेळोवेळी कारवाई केली आहे. बाजारपेठ उभारून प्रश्न सोडवण्याचा विचार करताना हा अनुभव विसरून चालणार नाही. ज्याला भाव आला, त्याला संपवण्याऐवजी टिकवण्यात आणि नव्या पाण्यात नेऊन सोडण्यात लोकांना रस वाटू लागतो.

अनिर्णित मुद्दे

मोठे मासे काढल्यावर लहान वेल्स वाढतात का, याची दीर्घकाळ आणि तुलनात्मक तपासणी मोठ्या नदीत झालेली नाही. क्युशरूसे आणि सहकाऱ्यांच्या २०१८ च्या समीक्षेतही व्यवस्थापनाच्या परिणामांची माहिती अपुरी असल्याचे नमूद आहे. पकडून सोडलेल्या महाकाय माशांपैकी किती जगतात, पुन्हा वीण करतात का, यावरही अभ्यास थोडे आहेत. उलट, गळकऱ्यांकडे वर्षानुवर्षांच्या लांबी, जागा आणि हंगामाच्या नोंदी आहेत. एकाच माशाला डागांवरून ओळखून अनेकदा पकडल्याचे त्यांना ठाऊक असते. ज्या कायद्याने मासा सोडणे गुन्हा ठरतो, त्याच कायद्यामुळे या नोंदी संशोधकांपर्यंत पोहोचत नाहीत.

तापमानवाढीने प्रश्न पुढे सरकवला आहे. वेल्सची वाढ २५ अंशांच्या वर सर्वांत जोमदार होते, तर सामनला थंड पाणी लागते. पाणी तापत गेले तर गरोनसारख्या नद्यांत एकाची बाजू बळकट होईल आणि दुसऱ्याची दुबळी, मग गळकऱ्याने मासा सोडला काय किंवा मारला काय. स्वीडनमधील संरक्षित वेल्सनाही याच तापमानवाढीचा फायदा होण्याची शक्यता आहे.

आजवरच्या पुराव्यांवरून एवढे म्हणता येते, की माशांच्या शिड्या, पाळणे आणि शॅडच्या विणीच्या जागा यांच्या आसपास वेल्स सातत्याने काढणे समर्थनीय आहे. संपूर्ण नदीसाठी सरसकट मारण्याचा आदेश काढावा इतका पुरावा अद्याप कोणत्याही खोऱ्यातून आलेला नाही. वेल्स अजून पोहोचला नाही अशा पाण्यात त्याला नेऊन सोडणे मात्र दोन्ही बाजूंच्या मते चूकच आहे, आणि इबेरियातील प्रसार याच मार्गाने होत आला आहे.